माथाडीच का? एका सर्व्हायव्हल गेममधल्या सुरुवातीच्या व्यवसायांचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नवी मुंबईतल्या चार जणांच्या टीमचं आहे. दोन प्रोग्रामर, एक चित्रकार, एक डिझायनर. चौघंही दिवसा नोकरी करायचे आणि संध्याकाळी कोपरखैरण्यातल्या एका फ्लॅटवर जमायचे. टीमचं आणि गेमचं नाव इथे दिलेलं नाही, ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. माझ्याकडे खेळचाचण्यांचं काम होतं. खेळणारे जमवायचे, त्यांच्या शेजारी गप्प बसायचं आणि कोण कुठे, कशामुळे मेलं ते लिहून ठेवायचं.

गेमची कल्पना इथल्या जमिनीतूनच आली होती. नवी मुंबईचा बराच सखल भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे. म्हणून शहर वसवताना सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी खाडीकडची दारं बंद राहतात, पावसाचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटी लागली की बाहेर जातं. गेममध्ये अमावास्येच्या उधाणाला मुसळधार पाऊस येतो, दारं निकामी होतात आणि वाशी, सानपाडा, नेरुळचे सखल भाग पाण्याखाली जातात. वीज नाही, पूल बंद, वर पारसिकचा डोंगर तेवढा कोरडा. खेळाडूने पुढच्या अमावास्येपर्यंत जगायचं. एकट्याने किंवा चौघांच्या गटाने.

सुरुवातीला खेळाडू एक व्यवसाय निवडतो: माथाडी कामगार, कोळी, नर्स, वायरमन, रिक्षाचालक, वॉचमन किंवा बेकार. गुणांची पद्धत टीमने ‘प्रोजेक्ट झॉम्बॉइड’ या झॉम्बींच्या सर्व्हायव्हल गेमवरून घेतली होती. त्या गेमच्या ४१व्या आवृत्तीत बेरोजगार निवडला तर हातात ८ गुण मिळतात, निवृत्त सैनिकाला ८ गुण मोजावे लागतात, घरफोड्याला ६, आणि डॉक्टर किंवा सुतार घेतला तर उलट २ गुण पदरात पडतात. गुण कमी पडले तर एखादी उणीव घ्यायची, उरले तर चांगला गुणधर्म विकत घ्यायचा. पद्धत सोपी आहे आणि हा प्रकार खेळणाऱ्यांच्या ओळखीची आहे. पण ते आकडे त्या गेममधल्या, अमेरिकेतल्या १९९३च्या केंटकीसाठी ठरवलेले आहेत. तिथे रस्तोरस्ती गाड्या उभ्या असतात, म्हणून किल्लीशिवाय गाडी सुरू करणारा घरफोड्या महाग. गुडघाभर पाण्यातल्या तुर्भ्यात त्या कौशल्याला काय भाव? टीमला हे कळत होतं. तरी पहिला तक्ता बनवताना नजर त्याच तक्त्यावर होती, आणि माझ्या मते पुढच्या निम्म्या भानगडी तिथून सुरू झाल्या.

अडचण

पहिल्या फेरीतच चित्र स्पष्ट झालं. ज्याला त्याला माथाडी हवा होता. चौघांच्या गटात तीन माथाडी आणि एक ‘तू काहीतरी वेगळं घे रे’ म्हणून ढकललेली नर्स. वायरमन कोणी घेईना. रिक्षाचालकाकडे पाहून लोक हसत, कारण पहिल्या मिनिटापासून रिक्षा पाण्यात.

कारण शोधायला टीमला वेळ लागला नाही, किंवा तसं त्यांना वाटलं. माथाडीला ताकद जास्त. सर्व्हायव्हल गेममध्ये ताकद एका कामाला येत नाही, सगळ्याच कामांना येते. जास्त ओझं उचलता येतं, दार लवकर फुटतं, हाणामारीत समोरचा लवकर पडतो, पाण्यातून चालताना दम कमी लागतो. कोळ्याचं कौशल्य मासे पकडण्यापुरतं, नर्सचं जखमेपुरतं, आणि माथाडीचं प्रत्येक पावलाला.

दुसरी अडचण नोंदवहीत दिसत होती, पण तिच्याकडे सुरुवातीला कोणाचं लक्ष गेलं नाही. नवखे खेळाडू बहुतेक दुसऱ्या दिवशीच मरत. नर्सचं खरं काम चौथ्या-पाचव्या दिवशी सुरू होई, जखमा चिघळू लागल्यावर. वायरमनचं त्याच्याही नंतर. ज्याची गरज लागण्याआधीच खेळ संपतो, तो माणूस कोण निवडेल?

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय दर वाढवण्याचा. माथाडी महाग करायचा, बाकीचे स्वस्त. यात नुसते आकडे बदलायचे होते, एका संध्याकाळचं काम.

दुसरा, व्यवसायच काढून टाकायचे. सगळे सारखे सुरू होतील, जो तो खेळता खेळता शिकेल. एक प्रोग्रामर या बाजूचा होता. पण मग तुर्भे, दिवाळे, वाशी ही नुसती पार्श्वचित्रं उरली असती. डिझायनरने एका वाक्यात हा पर्याय मोडीत काढला: ‘मग हा गेम कुठल्याही शहराचा होईल.’

तिसरा पर्याय मला सगळ्यात आवडला होता. ‘द ओरेगन ट्रेल’ या जुन्या प्रवासाच्या गेमच्या १९८५च्या आवृत्तीत बँकवाला १६०० डॉलर घेऊन निघतो, सुतार ८००, शेतकरी ४००. शेतकऱ्याचा प्रवास सगळ्यात खडतर, पण शेवटी त्याचे गुण तिप्पट होतात आणि सुताराचे दुप्पट. म्हणजे तिघांना एका पातळीवर आणायचा खटाटोपच नाही. विषमता मान्य करायची आणि अवघड वाट धरणाऱ्याला त्याचं श्रेय द्यायचं. टीमने यावर बराच वाद घातला. अडलं ते गटाच्या खेळात. चौघं एकत्र जगत असताना कोणाचे गुण तिप्पट करायचे? शिवाय या गेममध्ये शेवटी गुण मोजलेच जात नव्हते. जगलात की जगलात.

चौथा पर्याय, व्यवसाय तसेच ठेवून आजूबाजूचं जग बदलायचं: कुठली संकटं कधी येतात, कुठे येतात. हे सगळ्यात कष्टाचं, म्हणून सगळ्यात शेवटी ठेवलं गेलं.

पहिला निर्णय: भाव वाढवला

माथाडीची किंमत ४ गुणांवरून ८ वर नेली. पुढच्या फेरीत सगळे पुन्हा माथाडीच, फक्त आता सगळे अर्धवट बहिरे, चष्मा हरवलेले आणि विडी ओढणारे. गुण भरून काढायला लोकांनी मिळतील त्या उणिवा घेतल्या. प्रोजेक्ट झॉम्बॉइड खेळलेल्यांना हे नवं नाही. तिथेही ४१व्या आवृत्तीत ‘धूम्रपान करणारा’ ही उणीव ४ गुण देते आणि सिगारेटी जवळ बाळगल्या की फारसं बिघडत नाही, म्हणून कित्येकांची पात्रं न चुकता धूम्रपान करतात. किंमत वाढवल्याने माथाडी कमी झाला नाही. खेळाडूचा सुरुवातीचा वेळ हिशेबात जाऊ लागला, आणि नवख्यांना तो हिशेब जमेना.

दुसरा निर्णय: कोळ्याला हात लावायचा का?

तोवर माझ्या नोंदींमधून एक विचित्र गोष्ट वर आली. कोळी फार थोडे घेत, पण जे घेत ते सगळ्यात जास्त दिवस जगत. माथाडीपेक्षाही जास्त. मोठा प्रोग्रामर म्हणाला, कोळी जड झालाय, म्हणजे बाकीच्यांपेक्षा वरचढ, मासे कमी करा. आकड्यांकडे नुसतं पाहिलं तर त्याचं बरोबर होतं.

पण कोळी घेणारे कोण होते? सराईत. आधी बरेचदा खेळलेले, नकाशा पाठ असलेले, काहीतरी अवघड करून बघू म्हणणारे. ते वॉचमन घेऊनही तितकेच जगले असते. कोळ्यामुळे ते टिकत होते, की टिकणारेच कोळी घेत होते?

हे ठरवायचा उपाय डिझायनरने सुचवला, आणि या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी निर्णय मी त्यालाच म्हणेन. चिठ्ठ्या टाकायच्या. वाटीत सात व्यवसायांच्या चिठ्ठ्या, खेळाडूने डोळे मिटून एक उचलायची, जो निघेल तो खेळायचा. नेरुळच्या एका कॉलेजातली मुलं आणि त्यांनी आणलेले मित्र, नवखे आणि सराईत मिसळून. थोडी कुरकुर झाली (‘ताई, पुन्हा रिक्षा आली, बदलून द्या ना’), पण लोक खेळले.

चिठ्ठ्यांनी कोळ्याची आघाडी नाहीशी केली. नवख्याच्या हातात कोळी आला की तो नवख्यासारखाच मरत होता. माथाडी मात्र चिठ्ठीतून आला तरी पुढेच राहिला, सराईताच्या हातात आणि नवख्याच्याही. म्हणजे तो खरंच जड होता. कोळ्याचे मासे वाचले.

तिसरा निर्णय: ताकद की जागा?

आता माथाडीची ताकद उतरवायची असंच सगळ्यांना वाटत होतं. तेवढ्यात चित्रकाराने एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली. प्रत्येक पात्र आपापल्या कामाच्या जागी सुरू होत होतं. नर्स रुग्णालयात, वॉचमन सोसायटीच्या गेटवर, कोळी दिवाळे गावच्या धक्क्यावर. आणि माथाडी? तुर्भ्याच्या बाजार समितीत. कांदा-बटाटा मार्केट, धान्याची गोदामं, हातगाड्या, ताडपत्री, दोर. शहर उपाशी असताना हा माणूस शहराच्या कोठारात डोळे उघडत होता.

एका संध्याकाळी जागांची अदलाबदल करून बघितली. माथाडी सोसायटीच्या गेटवर, वॉचमन मार्केटात. वॉचमन एकदम चांगला जगू लागला. माथाडी थोडा पुढे राहिला, पण पूर्वीसारखा नाही. ज्या गोष्टीसाठी टीमने दर दुप्पट केला होता, ती बरीचशी पात्रात नव्हतीच, नकाशात होती.

हा प्रयोग पहिल्याच आठवड्यात व्हायला हवा होता. त्याला पैसे लागले नाहीत, कोडच्या चार ओळी बदलाव्या लागल्या. पण संतुलन म्हटलं की सगळ्यांचे डोळे तक्त्यावर जातात. सुरुवातीची जागा ही कथेची बाब समजून कथेच्या कप्प्यात पडून राहिली होती.

प्रत्यक्ष केलेले बदल

सगळे जण आता आपापल्या घरून सुरू होतात आणि घर दर वेळी बदलतं. माथाडीचं घर तुर्भ्यात निघेल किंवा घणसोलीत. मार्केटपर्यंत पोचायचं तर पाणी तुडवत जायचं.

ताकदीचा प्रश्न उरला होता. तो चाचणीला आलेल्या एका मुलामुळे सुटला. त्याचे वडील मार्केटात माथाडी होते. पात्र जमिनीवरचं पोतं एकट्याने पाठीवर घेतंय हे पाहून तो हसला. ‘असं नसतं हो. पोतं चढवायला दुसरा माणूस लागतो. ओट्यावरून किंवा ट्रकवरून असेल तर एकटा घेतो.’ टीमने ते जसंच्या तसं घेतलं. ओट्यावर, टेबलावर, गाडीत असलेलं जड ओझं माथाडी एकटा पाठीवर घेतो. जमिनीवरचं असेल तर हात लावायला जोडीदार हवा. एकट्या खेळात त्याची धार आपोआप बोथट झाली, आणि गटात तो हवाहवासा राहिला. आकडा एकही कमी केला नाही.

कोळ्याचा बदल मला सगळ्यात सुरेख वाटतो. टीमने मासेमारीचं कौशल्य दिलं होतं, पण त्याने खेळ फार बदलत नव्हता. दिवाळ्यातल्या एका म्हाताऱ्या काकांना गेम दाखवायला नेलं, तेव्हा त्यांनी माशांकडे बघितलंच नाही. त्यांचा पहिला प्रश्न, ‘आज तिथी कुठली रे यात?’ पोरांना कळेना. मग त्यांनी हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाला भरती. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. खाडीत जितकं आत जाल तितकी थोडी उशिरा. ‘आणि अष्टमीला भांग असतो, पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. तुमच्या गेममध्ये रोज सारखंच चढतंय.’

खरंच सारखं चढत होतं. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, उधाण आणि भांग आठवड्याच्या अंतराने येतात, हे टीमने शाळेत भूगोलात वाचलेलं होतं. ते गेममध्ये घालायचं मात्र कोणाला सुचलं नव्हतं. आता पाणी तिथीप्रमाणे चढतं-उतरतं. घड्याळ-मोबाइल बंद पडल्यावर बाकीच्यांना अंदाजाने चालावं लागतं. कोळ्याला मात्र पडद्याच्या कोपऱ्यात तिथी दिसते आणि पुढची भरती कधी ते कळतं. सानपाड्याचा भुयारी मार्ग कधी ओलांडता येईल, पामबीच रोडच्या कडेच्या खारफुटीतून केव्हा जावं, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. त्याची गरज दहाव्या दिवसावरून पहिल्या दिवसावर आली. किंमत तीच राहिली.

नर्सच्या बाबतीतही हाच विचार झाला, पण तितका नेमका उतरला नाही. पुराच्या पाण्यात उघड्या जखमेने चाललं तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाची, भीती असते. मुंबईत दर पावसाळ्यात लोकांना सांगितलं जातं की अशा पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सीसायक्लिन घ्या. ताप यायला मात्र बरेचदा आठवडा-दोन आठवडे जातात. गेममध्ये हा धोका इतरांपासून लपवला आणि नर्सला पहिल्या क्षणापासून दाखवला. शिवाय जुलाबाने खंगलेल्याला ती औषधांच्या दुकानाशिवाय सावरू शकते: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा चमचे साखर, चहाचा अर्धा चमचा मीठ. गटात तिला मागणी आली. एकट्या खेळात अजूनही नाही, आणि टीमने ते सोडून दिलं. माझं मत वेगळं आहे. एकट्याने खेळणारे जास्त असतात, आणि त्यांच्यासाठी नर्स आजही न उघडलेलं दार आहे.

रिक्षाचालक काढून टाकला. त्याला गल्लीबोळांची माहिती द्यावी असं सुचलं होतं, पण ती कोळ्याच्या ज्ञानाची फिकट नक्कल झाली असती.

आकडे लपवायचे की नाही

यावर टीम दोन आठवडे एकमेकांशी धड बोलत नव्हती. निवडीच्या पडद्यावर प्रत्येक व्यवसायापुढे त्याचे गुण दिसायचे. माथाडी उणे ८, नर्स अधिक २, कोळी अधिक २. गुणांच्या भाषेत याचा अर्थ एवढाच की या पात्राला सुरुवात जड जाईल, म्हणून वर २ गुण घ्या. पण तो पडदा दिवाळ्याच्या काकांपुढे ठेवला, तेव्हा त्यांच्या नातीने विचारलं की कोळी झालं की दोन गुण नुकसानभरपाई मिळते का. ती नर्सिंगचं शिक्षण घेत होती, म्हणजे दोन्हीकडून तिचाच हिशेब निघत होता.

एक बाजू म्हणाली, हा गेम आहे, आकडे नसतील तर सराईत खेळाडू निवड कशी करणार? दुसरी म्हणाली, केंटकीच्या डॉक्टरपुढे अधिक २ लिहिणं आणि शेजारच्या गावातल्या कोळ्यापुढे लिहिणं यात फरक आहे. शेवटी आकडे पडद्यावरून गेले. त्यांच्या जागी एक वाक्य आलं: पहिल्या दिवशी हा माणूस काय करू शकतो आणि काय नाही. गुणांचा हिशेब आत चालूच आहे. सराईतांनी तक्रार केली आणि फाइल उघडून आकडे काढलेच. ज्याला हवेत त्याने शोधावेत, हे मला ठीक वाटतं.

परिणाम

पुढच्या फेऱ्यांत माथाडीचा लोंढा ओसरला. चौघांच्या गटात आता बहुधा एक माथाडी, एक कोळी, एक नर्स असते आणि चौथ्या जागेवर घासाघीस होते. नवखे आता तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत पोचतात. बेकार हे पात्र सराईतांचं लाडकं झालं. हातात सगळ्यात जास्त गुण, पाठीशी काहीच नाही. हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं.

याचं श्रेय नेमकं कोणत्या बदलाला द्यायचं हे सांगता येत नाही. घराची जागा, पोत्याचा नियम आणि तिथीचं पाणी तिन्ही एकाच आवृत्तीत आले. ते एकेक करून, मध्ये चिठ्ठ्यांची फेरी ठेवून आणायला हवे होते. वेळ नव्हता हे खरं, पण किंमत दुप्पट करण्यात गेलेल्या वेळात दोन फेऱ्या बसल्या असत्या. एकट्याचा आणि गटाचा खेळ सुरुवातीपासून वेगळा मोजला असता, तर नर्सचं दुखणं लवकर दिसलं असतं. आणि दिवाळ्याला, मार्केटला जाणं तक्ता बनवण्याआधी व्हायला हवं होतं. दोन्ही ठिकाणं त्या फ्लॅटपासून बसने गाठता येण्याजोगी होती.

अजून न सुटलेलं: वायरमन

वायरमनची गाठ कायम आहे. त्याला पहिल्या दिवशी उपयोगी करायचा तर सोपा मार्ग आहे. काही वस्त्यांत वीज अजून चालू ठेवायची आणि डीपीजवळच्या साचलेल्या पाण्यात करंट उतरवायचा. पावसाळ्यात इथे प्रत्येक आई मुलांना ज्याबद्दल बजावते तेच. वायरमनला कुठलं पाणी धोक्याचं ते कळेल, इतरांना नाही.

करून बघितलं. वायरमन घेतलेला खेळाडू डीपीपासून लांबून वळसा घालतो. बाकीचे पाण्यात पाय टाकतात आणि मरतात, का मेलो ते न कळता. चाचणीत एका मुलीने तीनदा तोच रस्ता धरला आणि मग हेडफोन काढून ठेवला. म्हणून सर्वांना दिसेल अशी खूण दिली: पाण्यावर तरंगणारा मेलेला उंदीर, डीपीतून येणारी गुणगुण. आता ती खूण ज्याला त्याला दिसते आणि वायरमनची पुन्हा कोणाला गरज नाही.

सध्या दोन सूचना टेबलावर आहेत. एक, गुणगुण सगळ्यांना ऐकू यावी, पण ती किती लांबपर्यंत धोक्याची हे फक्त वायरमनला कळावं. दुसरी, करंट काढूनच टाकावा आणि वायरमनला सोसायटीचा पंप चालवू द्यावा, कारण वीज गेली की गच्चीवरची टाकी रिकामी राहते आणि पिण्याच्या पाण्याची ओढ दुसऱ्याच दिवशी लागते. मी दुसरीच्या बाजूची आहे. प्रोग्रामर म्हणतो, पंपाला जनरेटर लागेल, जनरेटरला डिझेल, आणि डिझेलचा डबा आणायला पुन्हा माथाडीच लागेल. पुढच्या फेरीला वाटीत दोन्ही प्रकारच्या वायरमनच्या चिठ्ठ्या असतील.